लॉगबुकात न मावलेला मदतार्थी: एका समुपदेशन पदविकेच्या इंटर्नशिपचे परीक्षण

माध्यमिक शाळेत २२ वर्षे मराठी शिकवल्यानंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पुण्यातील एका खासगी संस्थेचा समुपदेशनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला. अशा अभ्यासक्रमांच्या वर्गांविषयी, शिक्षकांविषयी आणि शुल्काविषयी माहिती सहज मिळते. मात्र इंटर्नशिपमध्ये प्रत्यक्षात काय करावे लागते आणि तिचे गुण कसे दिले जातात, हे प्रवेश घेण्यापूर्वी मला कोणीही नीट सांगितले नव्हते. म्हणून हे परीक्षण केवळ त्या भागापुरते आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमची तुकडी २४ जणांची होती आणि इंटर्नशिपची केंद्रे मोजकी होती. संस्थेचे नाव कळले की केंद्र कळते, आणि केंद्र कळले की तिथे येणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचणे फारसे अवघड उरत नाही. त्याच कारणाने पुढे आलेल्या प्रसंगांतील तपशीलही बदलले आहेत.

इंटर्नशिप दुसऱ्या सहामाहीत सुरू होते आणि ती एकूण ३०० तासांची आहे. त्यांपैकी १०० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे, ३० तास सुपरव्हिजनचे, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी समुपदेशकाचे मार्गदर्शन घेण्याचे, आणि उरलेले निरीक्षण, गटसत्रे, पालकसभा व लेखनाचे असतात. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेतील समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘केकरेप’ ही संस्था पदव्युत्तर पदवीसाठी आधी १०० तासांचे प्रॅक्टिकम, म्हणजे प्राथमिक प्रत्यक्ष सराव, त्यात किमान ४० तास थेट काम, आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात किमान २४० तास थेट काम, अशी अट घालते. एक वर्षाच्या पदविकेकडून तेवढी अपेक्षा करणे योग्य नाही, हे मला मान्य आहे. परंतु आपल्याकडे काही अभ्यासक्रम चार-सहा केंद्रांना भेटी देऊन आणि त्यांचे अहवाल लिहून इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देतात, त्यांच्या शेजारी १०० तासांची ही अट ठेवली तर संस्थेने काम गांभीर्याने घेतले आहे, असे म्हणावे लागते.

खरे तर मला या कार्यक्रमातील सर्वांत भक्कम भाग वाटला तो तासांचा नव्हे, तर केंद्रावर पाऊल ठेवण्याआधीच्या अटींचा. पहिली अट म्हणजे तिघांच्या गटांतील वीस सराव-सत्रे. त्यांत एकाने समुपदेशक, एकाने मदतार्थी आणि तिसऱ्याने निरीक्षक व्हायचे आणि पुढच्या सत्रात भूमिका बदलायच्या. दुसरी अट म्हणजे स्वतः किमान दहा वेळा दुसऱ्या समुपदेशकाकडे मदतार्थी म्हणून जायचे, आणि तेही पदरच्या पैशांनी. या अटीवर आमच्या तुकडीत बरीच कुरकुर झाली. संस्थेने सवलतीच्या दरात हे काम करणाऱ्यांची यादी दिली होती, तरी खर्च झालाच, आणि तो माहितीपत्रकात छापलेल्या शुल्कात धरलेला नव्हता; ही पारदर्शकतेची उणीव आहे. अट मात्र योग्य आहे. समोरच्या खुर्चीत बसून ‘आज कुठून सुरुवात करू या?’ हा साधा प्रश्न ऐकताना पोटात किती गोळा येतो, हे मला सहाव्या भेटीपर्यंत जाणवत होते, आणि पुढे तोच प्रश्न मी विचारू लागले तेव्हा ती जाणीव उपयोगी पडली.

तिसरी अट नीतिनियम आणि कायद्याच्या लेखी परीक्षेची. तीत ८० टक्के गुण मिळाल्याशिवाय कोणालाही केंद्र दिले जात नाही. प्रश्न व्याख्यांचे नसून प्रसंगांचे असतात. बारा वर्षांची मुलगी ‘ताई, तुम्ही कुणाला सांगणार नसाल तरच सांगते’ असे म्हणते, तेव्हा तुम्ही काय उत्तर द्याल? वर्गातील निम्म्या जणांनी तिचा विश्वास जिंकण्यासाठी आधी वचन देऊ, असे लिहिले आणि तिथेच गुण गमावले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याच्यावर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा ठरतो. त्यामुळे जे पाळता येणार नाही असे वचन मुलीला देणे ही तिची दुहेरी फसवणूक ठरते. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलांना कळेल अशा भाषेत सांगायची असते. मी शाळेत २२ वर्षे काढूनही हे इतके स्पष्टपणे कधी ऐकले नव्हते. चौघे जण या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले आणि त्यांची इंटर्नशिप महिनाभर लांबली. शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांना थांबवून ठेवण्याचे धैर्य संस्थेने दाखवले, याचे मला कौतुक आहे.

मला दोन केंद्रे मिळाली: आठवड्यातून दोन दिवस एक शाळा आणि दोन दिवस एका धर्मादाय रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. रुग्णालयात आम्हाला खोली मिळाली ती भौतिकोपचार विभागाला लागून. पलीकडच्या यंत्राचा टुकटुक आवाज भिंतीतून येत राही आणि रडणारे माणूस मध्येच थांबून ‘हा कसला आवाज?’ असे विचारी. केंद्राच्या जागेची पाहणी संस्थेने केलेली असते, असे सांगितले जाते. माझ्या केंद्रावर ती पाहणी दुपारी यंत्र बंद असताना झाली असावी.

आता मूल्यमापनाविषयी. शंभर गुणांची विभागणी अशी आहे: शब्दशः नोंदी अर्थात व्हर्बेटिमला ३०, केंद्रातील पर्यवेक्षकाच्या अहवालाला २५, केस सादरीकरणाला २०, लॉगबुकला, म्हणजे तासांच्या नोंदवहीला, १५ आणि तोंडी परीक्षेला १०. मध्यावधीला एक आढावा होतो, त्याला गुण नसतात. तेथे प्रत्येक कौशल्यासमोर ‘स्वतंत्रपणे जमते’, ‘मदतीने जमते’ आणि ‘अजून जमत नाही’ यांपैकी एक शेरा दिला जातो. माझ्या आढाव्यात ‘मौन सहन करणे’ या ओळीसमोर तिसरा शेरा होता.

व्हर्बेटिम हा या कार्यक्रमाचा प्राण आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. एका सत्रातील साधारण वीस मिनिटांचे संभाषण चोवीस तासांच्या आत आठवून लिहायचे, डाव्या रकान्यात मदतार्थीचे वाक्य, मधल्या रकान्यात आपले, आणि उजवीकडे ते वाक्य बोलताना आपल्या मनात काय चालले होते ते. अशी पाच व्हर्बेटिम द्यावी लागतात. माझ्या पहिल्याच व्हर्बेटिममध्ये एका आईने मुलाच्या नापास होण्याविषयी बोलता बोलता पदर तोंडाला लावला आणि मी लगेच म्हणाले होते, ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल.’ आमच्या सुपरव्हायझर बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी दोनच शब्द लिहिले: ‘कोणासाठी बोललात?’ मी उजव्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘मला अस्वस्थ वाटले’ असे लिहिले होते, म्हणजे उत्तर माझ्याच हस्ताक्षरात समोर होते. त्या दिवशी त्यांनी मला दुसरे काही शिकवले नाही. पुढच्या व्हर्बेटिममध्ये मात्र मी धीर देणारी वाक्ये मोजली आणि ती अकरावरून चारवर आली होती.

अर्थात, आठवून लिहिलेल्या नोंदीला मर्यादा आहेत. माणूस आपल्या चुका सोयीस्करपणे विसरतो, आणि हे नवे निरीक्षण नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सत्रांचे ध्वनिमुद्रण करून ते प्रशिक्षणात वापरायला सुरुवात केली, त्यामागचे एक कारण हेच होते. केकरेपच्या मानकांतही ध्वनिमुद्रण किंवा प्रत्यक्ष निरीक्षण यांपैकी काहीतरी अपेक्षित असते. आमच्या संस्थेच्या नियमावलीत ‘मदतार्थीच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रण करता येईल’ असे एक वाक्य आहे, परंतु माझ्या दोन्ही केंद्रांनी त्याला परवानगी दिली नाही आणि संस्थेने त्यासाठी आग्रहही धरला नाही. परिणामी संपूर्ण इंटर्नशिपमध्ये माझे एकही सत्र माझ्या सुपरव्हायझरने ऐकले नाही. त्यांनी वाचले ते माझे लेखन. मराठीची शिक्षिका असल्याने ते बरे उतरले असेल, अशी शंका मला आजही आहे.

सुपरव्हिजनची व्यवस्था उत्तम होती. आठवड्यातून एकदा सहा जणांचा गट दीड तास बसतो आणि पंधरवड्यातून एकदा एकट्याला पाऊण तास मिळतो. आमच्या बाई कधीही वेळ चुकल्या नाहीत आणि जोखमीच्या प्रसंगी त्यांचा फोन खरोखरच उचलला जाई. रुग्णालयातील केंद्रावर नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली जाते. त्यात गेल्या दोन आठवड्यांतील त्रासाविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नियम असा की एकूण बेरीज कितीही कमी असली, तरी नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून जाण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आले, तर त्या व्यक्तीशी त्याबद्दल थेट बोलायचे, ती खोलीतून जाण्याआधी सुपरव्हायझरला फोन करायचा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवायचे. सोबत द्यायच्या कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक छापलेला असतो. माझ्यावर ही वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. पाच तारे द्यायचे झाले तर या एका गोष्टीला मी निःसंकोच देईन.

माझी तक्रार लॉगबुकाविषयी आहे, आणि ती केवळ पंधरा गुणांची नाही. लॉगबुकात ‘थेट समुपदेशनाचे तास’ हा रकाना आहे. मदतार्थी आला तर तास धरला जातो, आला नाही तर शून्य. जुलैतल्या एका मंगळवारी मला दोन, तीन आणि चार वाजताच्या अशा तीन वेळा दिलेल्या होत्या. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि तिघांपैकी कोणीही आले नाही. मी सव्वापाचपर्यंत त्या खोलीत यंत्राची टुकटुक ऐकत बसले, तिघांना एकेक फोन केला, एकीच्या घरी नवऱ्याने उचलला तेव्हा मी कोण आहे हे न सांगता ‘रुग्णालयातून बोलते आहे, नंतर करते’ एवढेच बोलून ठेवून दिला, आणि नंतर तासभर विचार करत राहिले की तेवढे बोलणेही जास्त झाले का. समुपदेशकाच्या कामाचा हा अगदी खरा भाग होता. लॉगबुकात त्या दिवसासमोर आडवी रेघ आहे.

तासांच्या या मोजणीचा परिणाम वागण्यावर होतो. तो माझ्यावरही झाला, हे कबूल केले पाहिजे. ऑक्टोबरअखेरीस माझे ९१ तास झाले होते आणि मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी परीक्षेच्या भीतीसाठी येत होती. पाचव्या भेटीत ती स्वतःहून म्हणाली, ‘मॅडम, आता बरे आहे, पेपरही चांगले गेले.’ तिथे थांबणे उचित होते. मी म्हणाले, ‘आणखी दोनदा भेटू या, म्हणजे पक्के होईल.’ ती आली, दोन्ही वेळा, बस बदलून. त्या दोन भेटींत आम्ही काय केले, हे लॉगबुक वाचून कळत नाही, कारण मी ‘प्रगतीचे दृढीकरण’ असे लिहिले आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ती नोंद पाहिली आणि पान उलटले. केस किती सत्रांत संपली, कोणी थांबवली आणि का, याचा एकही रकाना त्या वहीत नाही. तो असता तर मला खोटे तरी लिहावे लागले असते किंवा खरे तरी.

दुसरी तक्रार भाषेची. माझी जवळपास सगळी सत्रे मराठीत झाली, पण अहवाल आणि व्हर्बेटिम इंग्रजीत द्यावे लागतात, कारण बाह्य परीक्षक मराठी जाणणारे असतीलच असे नाही. एक बाई म्हणाल्या होत्या, ‘माहेरी जीव रमत नाही आणि सासरी जीव लागत नाही.’ या वाक्यात रमणे आणि लागणे यांत जो फरक आहे, त्यावरच आमची पुढची तीन सत्रे उभी राहिली: माहेर आपले असून परके झाले होते आणि सासर परके असून आपले होत नव्हते. इंग्रजी व्हर्बेटिममध्ये मी दोन्हीकडे एकच क्रियापद वापरले, कारण मला दुसरे सापडले नाही, आणि केस सादरीकरणात त्या वाक्याचे ‘लो मूड, ॲडजस्टमेंट इश्यू’ झाले. ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोक्याला मुंग्या येतात’, ‘पोटात कालवाकालव होते’ या सगळ्यांचे एकाच ‘अँक्झायटी’त सपाटीकरण होते. ज्या महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली आणि मानसिक आजारातून जाणाऱ्यांसाठी ‘शुभार्थी’ व त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी ‘शुभंकर’ असे शब्द घडले व रूढ झाले, तिथे प्रशिक्षणार्थीला मूळ वाक्य मराठीत लिहिण्याची साधी मुभा नसावी, याचे वाईट वाटते. मी हा मुद्दा लेखी मांडला. ‘पुढील वर्षी विचार करू’ असे उत्तर आले.

तिसरी तक्रार पहिल्या दोहोंच्या मुळाशी आहे. शंभर गुणांपैकी एकही गुण मदतार्थीला विचारून दिला जात नाही. वर्गात आम्हाला मदतार्थीत बदल घडण्यासाठी कोणत्या अटी लागतात, हे सांगणारा रॉजर्स यांचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत दोन तास शिकवला गेला. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा ही त्रयी सर्वांना पाठ होती आणि पर्यवेक्षकाच्या अहवालातही तीच तीन शीर्षके आहेत. पण रॉजर्स यांनी अटी तीन नव्हे, सहा सांगितल्या होत्या, आणि सहावी अट अशी की समुपदेशकाची समानुभूती व स्वीकार मदतार्थीपर्यंत निदान थोड्या प्रमाणात तरी पोहोचला पाहिजे. तो पोहोचला की नाही, हे पर्यवेक्षक कसे ठरवणार? त्यासाठी सोपी साधने उपलब्ध आहेत. ‘सेशन रेटिंग स्केल’ या पद्धतीत सत्र संपल्यावर मदतार्थीने दहा सेंटिमीटरच्या चार रेघांवर खूण करायची असते: माझे ऐकून घेतले गेले का, मला हव्या त्या विषयावर बोललो का, पद्धत मला मानवली का, एकंदर सत्र कसे वाटले. मिनिटभराचे काम आहे. उपकाराच्या ओझ्याखाली माणसे आपल्याकडे सगळीकडे पूर्ण गुण देतील, असा आक्षेप आमच्या बाईंनी घेतला, आणि तो खोटा नाही. मोफत केंद्रावर ‘मॅडम, तुम्ही देवमाणूस’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले. तरीही ती महाविद्यालयीन मुलगी सहाव्या भेटीनंतर दुसऱ्या रेघेवर कुठे खूण करती, हे जाणून घ्यायला मला आवडले असते, म्हणजे खरे तर आवडले नसते.

केंद्रातील पर्यवेक्षकाच्या अहवालाविषयी थोडक्यात: शाळेतील अहवाल मुख्याध्यापकांनी भरला, त्यांनी माझे एकही काम पाहिले नव्हते आणि २५ पैकी २४ दिले. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या प्रत्येक नोंदीवर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारले आणि १७ दिले. संस्था दोघांची सरासरी काढते. तोंडी परीक्षा वीस मिनिटांची, शिष्टाचाराची.

प्रमाणपत्राच्या मोलाविषयी प्रवेशेच्छूंनी गैरसमज करून घेऊ नये. या पदविकेमुळे तुम्ही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यासाठीचे शिक्षण वेगळे आहे. समुपदेशकांचा समावेश २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात झाला आहे, त्यामुळे पुढे नोंदणीसाठी तासांचा लेखी पुरावा मागितला जाण्याची शक्यता लक्षात घेऊन लॉगबुकची साक्षांकित प्रत मी जपून ठेवली आहे. संस्था ती मागितल्याशिवाय देत नाही. मागितल्यावर चार दिवसांत दिली.

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. सुपरव्हिजन आणि केंद्रावर जाण्याआधीच्या अटी यांसाठी मी हा कार्यक्रम शाळेतील, महिला मंडळांतील किंवा रुग्णालयांतील कामाचा थोडाफार अनुभव असलेल्या व्यक्तीला सुचवीन. नुकतीच पदवी मिळालेल्या आणि आठवड्याचे चार दिवस विनामानधन देऊ न शकणाऱ्या तरुणांनी आधी खर्चाचा हिशेब मांडावा, कारण प्रवास, स्वतःच्या समुपदेशनाच्या दहा भेटी आणि छपाई मिळून मला शुल्काच्या जवळपास निम्मी रक्कम वर लागली. मुलाखतीला जाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा: ध्वनिमुद्रणाला परवानगी असलेले केंद्र किती जणांना मिळते, आणि शाळेच्या केंद्रावर अहवाल कोण भरतो. मी विचारले नव्हते.